कोठडीकडे वळलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू जिथे ठेवतात ती ही खोली. माझ्या एका बाजूला चोरीच्या सायकलचं हँडल आहे, दुसऱ्या बाजूला कापडात शिवून ठेवलेला सुरा आहे, आणि मधे मी. माझी वायर माझ्याच मानेभोवती गुंडाळून तिला एक चिठ्ठी बांधली आहे. पंख्याने असा कोणता गुन्हा केला, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलो आहे. इथे मला दुसरं कामही नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी जाड चष्म्याची एक बाई बसायची. ती प्रत्येक पंखा सुरू करून त्याच्या जाळीवर दोन बोटं टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. थरथर जास्त वाटली की पंखा परत. माझ्यावर बोटं टेकवून ती जरा थांबली आणि शेजारणीला म्हणाली, हा थोडा बडबड्या निघणार, पण टिकेल. तिची दोन्ही भाकितं खरी ठरली. मी टिकलो आणि माझी बडबड तर तुम्ही ऐकताच आहात.

दुकानातून मला एका पोलीस हवालदाराने विकत घेतलं. त्यांच्या घरी तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. त्या मुलीचं सगळं बालपण माझ्या वाऱ्यात गेलं. ती रांगायला लागल्यावर माझ्या जाळीत बोट घालायला धावायची आणि तिची आई ओरडत तिच्या मागे. पुढे ती अभ्यासाला बसली की वहीची पानं उडू नयेत म्हणून त्यावर पाट्या, वाट्या, जे हाताला लागेल ते ठेवायची. मग घरात छताचा पंखा आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तो काही गेला नाही, गेलो मी. माझ्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून मला कपाटावर ठेवून दिलं. तिथून मला फक्त छतावरचा तो नवा पंखा दिसायचा, आणि तोही माझ्याकडे बघायचा नाही.

मला खाली उतरवलं ते एका दारुड्याने. म्हणजे त्याने स्वतः नव्हे, त्याच्यामुळे. एका उन्हाळ्यात ठाण्याच्या कोठडीत तो उकाड्याने भोवळ येऊन पडला. कोठडीला खिडकी नाही, वर पत्रा. हवालदार त्याच्या उशाशी बसून फायलीच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालत राहिले. तो शुद्धीवर आला आणि त्याने पहिली शिवी हवालदारांनाच दिली. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला काखेत मारलं आणि ठाण्याची वाट धरली. बायकोने दारातच अडवून विचारलं, सरकारला पंखा परवडत नाही आणि आपल्याला परवडतो का? हवालदार म्हणाले, सरकारकडे मागितला आहे, मी निवृत्त झालो की येईल.

घरची वस्तू सरकारी जागेत न्यायची तर कुणाला तरी विचारावं लागतं, तिची कुठेतरी नोंद करावी लागते. हवालदारांनी ते काही केलं नाही. आपलाच पंखा, आपलंच ठाणं, त्यात विचारायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आता ठाणं कसं होतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. एक लांबट दालन. एका टोकाला गजांची कोठडी. दुसऱ्या टोकाला रस्त्याकडचं दार आणि दाराशी लोकांना बसायचा लाकडी बाक. मधे भिंतीत ठाणेदार साहेबांच्या खोलीचं दार. मला ठेवलं होतं कोठडीजवळच्या उंच स्टुलावर. माझ्या पाठीवर एक खुंटी आहे. ती दाबली की मी मान फिरवू लागतो आणि ओढली की जिथे असेन तिथे थांबतो. मान फिरवत असलो की मला आधी कोठडी दिसायची, मग साहेबांचं दार, मग बाक, आणि पुन्हा उलट. वारा सगळ्यांना थोडा थोडा मिळायचा.

फक्त दुपारी वेगळं असायचं. दुपारी पत्रा तापायचा, बाहेरचे लोक फारसे यायचे नाहीत, ठाण्यातली माणसं जेवायला मागच्या ओसरीत जायची. तेव्हा हवालदार माझी खुंटी ओढून माझं तोंड कोठडीकडे करून ठेवायचे. आत कोण आहे हे ते बघत नसत. पाकीटमार असो, भांडखोर असो, बायकोला मारणारा असो. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, शिक्षा कोर्ट देईल, उकाड्याने कशाला द्यायची?

त्या वर्षांत मी खूप माणसं पाहिली. एक सायकलचोर तर आमच्याकडे इतक्यांदा यायचा की हवालदार त्याला "आलास का घरी?" असंच विचारायचे. त्याला माझा खडखडाट सहन होईना. एकदा सुटून गेल्यावर तो शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली घेऊन आला, माझी जाळी उघडून त्याने आत तेल सोडलं, पाती पुसली आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी झोप लागेल. तेल त्याने विकत आणलं होतं की कसं, हे हवालदारांनी विचारलं नाही. माझं एवढं कौतुक आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

मग तो खून झाला.

शहराच्या कडेला एक मोठी वसाहत उभी राहत होती. तिच्या मालकाचा हसरा चेहरा चौकाचौकांतल्या फलकांवर होता. लोक त्याला नुसतं "मालक" म्हणायचे. त्याच्या कुंपणाने शेजारच्यांची जमीन गिळली आहे अशी तक्रार होती आणि ती जमीन मोजायला एक तरुण मोजणीदार नेमला होता. त्याने साखळी टाकली, मोजलं, आणि जे निघालं ते तसंच सांगितलं. काही दिवसांनी तो त्याच जमिनीच्या कडेला मरून पडलेला सापडला. सगळ्या शहराने एकाच माणसाचं नाव घेतलं. पण मालक गायब होता. पोलीस म्हणत होते, शोध चालू आहे. लोक म्हणत होते, ज्याचा चेहरा प्रत्येक चौकात लावला आहे तो माणूस तुम्हाला सापडत नाही?

आणि एका सकाळी मालक स्वतःच्या गाडीतून, इस्त्रीचे कपडे घालून, ठाण्यात हजर झाला. साहेब त्याला घ्यायला दारापर्यंत गेले. लोकांना संशय यायला आणखी काय हवं?

मित्रांनो, मालकाने खून केला की नाही, हे मी पाहिलेलं नाही. ते कोर्टाने ठरवावं. पण ठाण्यात काय घडलं ते मी मान फिरवून फिरवून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी मालक दिवसभर कोठडीत गेलाच नाही. तो साहेबांच्या खोलीत होता आणि दार लावलेलं होतं. जेवणाचे डबे आत जात होते, फोन आत वाजत होता, एकदा हसण्याचा आवाजही आला. भिंतीवरचा कॅमेरा पुसण्यासाठी म्हणून खाली काढला आणि परत लावला तेव्हा तो छताकडे पाहत होता. मालकाच्या छातीत दुखतं म्हणून डॉक्टर आला, तो चहा पिऊन गेला. अखेर दिवस मावळायच्या आत हवालदारांनी साहेबांच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "साहेब, आरोपीला कोठडीत घ्यायचं आहे." साहेबांनी डोळे वटारले. हवालदार तसेच उभे राहिले. मग मालक उठला आणि कोठडीत आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी "चौकशीसाठी" त्याला पुन्हा त्याच खोलीत नेलं आणि दार लागलं.

खून झालेल्या मोजणीदाराची आई शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला शिवणवाल्या मावशी म्हणायची. खून झाल्यापासून ती रोज ठाण्यात यायची आणि बाकावर बसायची. तिच्या कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. ती काही मागायची नाही, रडायची नाही. साहेबांच्या बंद दाराकडे बघत बसायची. मला वाटतं, त्या दाराकडे माझ्याइतकं दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर ते तिने.

हवालदार तिला पाणी आणून द्यायचे. त्याच दुसऱ्या दिवशी ठाण्यात गडबड नव्हती तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली,

"भाऊ, माझ्याकडे एक वस्तू आहे. पोराचा जुना मोबाईल. त्या संध्याकाळी त्याला कुणी कुठे बोलावलं, काय धमकी दिली, ते सगळं त्यात बोलणं भरलंय. आवाज ओळखू येतो."

हवालदारांनी आधी साहेबांच्या दाराकडे पाहिलं.

"इतके दिवस दिला का नाही, ताई?"

"कुणाला देऊ? सगळे म्हणतात, त्या दारातून आत गेलं ते बाहेर येत नाही. लेक तर म्हणते, पोलिसांच्या हातात देऊच नकोस. पण तुम्हाला मी रोज बघते. तुमच्या भरवशावर देते."

हवालदारांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं की गुपचूप द्यायचं नाही. असं दिलेलं पुढे कोर्टात टिकत नाही आणि मधल्यामधे नाहीसं होतं. दोन बाहेरच्या साक्षीदारांसमोर, पंचांसमोर, पंचनामा करून द्यायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, म्हणजे ते नाहीसं करण्याची कुणाची टाप नाही. "उद्या दुपारी या. साहेब उद्या जेवायला घरी जाणार आहेत. आणि ताई, एक शब्द देतो. माझ्या हातात आहे तोवर या ठाण्यात त्याला वेगळी वागणूक मिळणार नाही."

त्या रात्री ती झोपली असेल की नाही कोण जाणे. हवालदार मात्र सकाळी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

दुपार झाली. साहेब जेवायला गेले. जाताना त्यांनी मालकाला पहिल्यांदाच भरदुपारी कोठडीत पाठवलं होतं, कारण आपण नसताना त्याला आपल्या खोलीत ठेवण्याइतके ते भोळे नव्हते. पत्रा तापला. हवालदार माझ्याजवळ आले आणि त्यांनी खुंटीला हात घातला. टेबलाशी एक तरुण शिपाईबाई बसली होती. ती हवालदारांना मामा म्हणायची. ती कुजबुजली,

"मामा, आज यालापण?"

हवालदारांचा हात खुंटीवर थांबला. मला त्यांचा अंगठा जाणवत होता. आजवर कधी तो असा थांबला नव्हता.

"आज नाही केलं, तर इतकी वर्षं केलं ते कशासाठी केलं?" ते म्हणाले. "मला आवडेल त्यालाच वारा द्यायचा, तर ती माझी मर्जी झाली गं. नियम कुठे राहिला?"

त्यांनी खुंटी ओढली. मी कोठडीकडे तोंड करून थांबलो. मग ते तिला म्हणाले की शिवणवाल्या ताई येतील, त्यांना बसव, मी दोन माणसं घेऊन आलोच. आणि ते पंच शोधायला बाहेर पडले. आपण तिला नेमक्या याच वेळी बोलावलं आहे, आणि ती दारातून आत येईल तेव्हा तिला काय दिसेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वर्षानुवर्षं रोज केलेल्या गोष्टीकडे माणूस बाहेरून बघू शकत नाही, हेच खरं.

त्यानंतर जे झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. माझी पाठ बाकाकडे होती आणि समोर मालक होता. तो सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. माझ्या वाऱ्याने त्याचे केस उडत होते. माझ्यामागे चपला वाजल्या. मावशी आली होती आणि तिच्याबरोबर तिची थोरली लेक होती. शिपाईबाईने त्यांना बसायला सांगितलं. बाक करकरला. त्यानंतर बराच वेळ नुसता माझाच आवाज. मधून मधून कुणीतरी उकाड्याने सुस्कारा टाकत होतं. त्या टोकाला वाऱ्याची झुळूकही पोहोचत नव्हती.

मग मालकाने डोळे उघडले. त्याला बाकावर कोण बसलं आहे ते दिसत असणार. तरी तो शिपाईबाईला म्हणाला,

"बाई, जरा वाढवा की हो."

आणि ती उठली. मित्रांनो, तिचा स्वभाव वाईट नव्हता. दोन दिवस साहेबांना या माणसाशी अदबीने बोलताना तिने पाहिलं होतं, आणि साहेबाची अदब खालच्यांच्या अंगात न सांगता उतरते. तिने माझं बटण फिरवलं. मी जोरात फिरू लागलो.

माझ्यामागे मावशीची लेक म्हणाली, "बघितलंस, आई? हा तुझा भाऊ."

 बाक पुन्हा करकरला आणि चपलांचा आवाज दारातून बाहेर गेला. ज्या पिशवीत तो मोबाईल होता, ती पिशवीही तिच्याबरोबर बाहेर गेली.

थोड्याच वेळात हवालदार आले. बरोबर औषधाच्या दुकानातला माणूस आणि कुलूपं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते. दोघांनाही पोलिसांच्या कामात पडायचं नव्हतं, त्यांना हातापाया पडून आणावं लागलं होतं. रिकामा बाक बघून हवालदार दारातच थांबले. मग त्यांची नजर बाकावरून माझ्याकडे आली, माझ्यावरून कोठडीकडे गेली, आणि त्यांना सगळं कळलं. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी खुंटी दाबली. मी मान वळवली आणि रिकाम्या बाकाला वारा दिला.

मावशीच्या लेकीने त्या दुपारी मोबाईलवर चित्रफीत काढली होती. संध्याकाळपर्यंत ती शहरातल्या प्रत्येक हातात पोहोचली. तिच्यात तीन गोष्टी दिसत होत्या. वाऱ्यात डोळे मिटून बसलेला आरोपी, घामाने भिजलेली मेलेल्या मुलाची आई, आणि दोघांच्या मधे आईकडे पाठ करून उभा असलेला मी. खोटं त्यात काहीच नव्हतं. एवढंच होतं की आधीचं आणि नंतरचं त्यात नव्हतं.

ठाण्यासमोर गर्दी जमली. एक पुढारी कर्णा घेऊन ओटीवर चढला आणि विचारू लागला की खुन्याला पंखा कुणी दिला? गर्दी तेच ओरडू लागली. मला वाटत होतं, आता कुणीतरी विचारेल की पहिल्या दिवशी तो कुठे होता? कॅमेरा छताकडे का बघतो? पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बंद दाराची चित्रफीत काढता येत नाही. माझी काढता आली, कारण मी उघड्यावर होतो.

साहेबांनी हे बरोबर हेरलं. ते बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले की हा प्रकार आपल्या गैरहजेरीत झाला आहे, दोषी हवालदाराला निलंबित केलं आहे आणि खासगी पंखा जप्त केला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, ही म्हण मी हवालदारांच्या मुलीच्या अभ्यासात ऐकली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

माझी वायर भिंतीतून उपटली, मानेभोवती गुंडाळली आणि मला या खोलीत आणलं. इथे शिपाईबाई कधीमधी माझ्यावरची धूळ झटकायला येते. बटण फिरवल्याचं तिला फार लागलं आहे. ती येते, झटकते आणि बाहेर काय चाललं आहे ते सायकलच्या हँडलला सांगितल्यासारखं सांगते. तिच्याकडूनच कळलं की पुराव्याअभावी मालकाला जामीन मिळाला, आणि लोकांनी फाडलेल्या फलकांच्या जागी त्याचे नवे फलक लागले.

मग हवालदारांची खात्याची चौकशी सुरू झाली. बाहेरून एक अधिकारी आले. एका दिवशी मला खाली उतरवून दालनात टेबलावर ठेवलं. बाकावर मावशी आणि तिची लेक होती. समोर हवालदार साध्या कपड्यांत उभे होते. ते मला बारीक वाटले.

अधिकाऱ्यांनी मावशीला विचारलं, हाच पंखा का? ती म्हणाली, हाच. हवालदारांना विचारलं, आरोपीला ही सवलत का दिली? ते म्हणाले, सवलत नव्हती, कोठडीत असेल त्या प्रत्येकाला दुपारी वारा मिळायचा. अधिकाऱ्यांनी विचारलं, याला पुरावा काय? पुरावा कुठून असणार? पाकीटमारावर पंखा वळलेला असताना त्याचं चित्र काढायला कोण आलं होतं?

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "साहेब, मी आहे पुरावा." तो सायकलचोर होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने सांगितलं की आपण या कोठडीत इतक्यांदा राहिलो आहोत, आणि दर दुपारी हा पंखा आपल्याकडे असायचा, हवं तर त्याच्या जाळीचा खालचा चिमटा बघा, तो मोडलेला आहे, तेल घालताना तो आपल्याच हातून मोडला. दालनात हशा पिकला. अधिकारीसुद्धा हसले आणि म्हणाले, चोराची साक्ष पोलिसाला! पण मावशी हसली नाही. ती त्या चोराकडे बघत होती. मग उठून ती हवालदारांसमोर आली.

"त्या दिवशी मला बोलावून तुम्ही गेला होता कुठे?"

हवालदारांनी खाली पाहिलं. हा प्रश्न त्यांना चौकशीत आधीही विचारला होता आणि ते "कामासाठी बाहेर" एवढंच म्हणाले होते. मोबाईलचं नाव घेतलं असतं तर ते आधी साहेबांच्या कानावर गेलं असतं आणि मावशीच्या दारात माणसं उभी राहिली असती.

"पंच आणायला, ताई," ते हळूच म्हणाले. "तुमच्यासाठी. दोघांना घेऊन आलो, तोवर तुम्ही गेला होता."

मावशीने टेबलाची कड धरली. अधिकाऱ्यांनी विचारलं, कसले पंच, कशासाठी?  हवालदारांनी तिकडे न बघता मावशीला एवढंच विचारलं,

"ती वस्तू नीट आहे ना?"

"नाही," ती म्हणाली. "त्या कर्णेवाल्याला दिली. तो म्हणाला, पोलिसांत दिलीत तर जाईल, आमच्याकडे जपून राहील. आता त्याचा फोन लागत नाही. त्याच्या घरी गेलं तर नेते बाहेर गेलेत म्हणतात." मग ती म्हणाली, "एकदा घरी येऊन सांगायचं होतं, भाऊ."

"साक्षीदाराला भेटायची मला बंदी होती." हवालदार म्हणाले. "तरी यायला हवं होतं."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की हा विषय या चौकशीत येत नाही. चौकशी पंख्याची होती. तिचा निकालही पंख्यापुरताच लागला. हवालदारांना खालच्या हुद्द्यावर उतरवून लवकर घरी बसवलं. साहेबांची बदली झाली, म्हणे वरच्या जागेवर.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही नको. मी गंजलो तरी चालेल. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जिने विश्वास ठेवला आणि ज्याने तो पाळला, ती दोघं एकाच दालनात थोड्या अंतराने आली आणि चुकामूक होऊन गेली. तिला मुलासाठी न्याय मिळाला नाही आणि त्यांना स्वतःसाठी.

कुणी म्हणेल, मावशीने उगाच संशय घेतला. तसं म्हणू नका. तिचा संशय खरा होता, फक्त तो भलत्या माणसावर जाऊन पडला. ठाण्यात आरोपीचे लाड होतच होते, पण ते तिला दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. ज्याला रोज बंद दार दाखवलं जातं, तो उघड्यावर दिसेल त्या पहिल्या गोष्टीलाच खरं मानणार. म्हणून तुम्हाला सांगतो, प्रश्न जरूर विचारा. मोठ्यांना विचारा, गणवेशातल्यांना विचारा, कर्णेवाल्यांनाही विचारा. पण विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.

आणि उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन अशा एखाद्या ठाण्याचा साहेब झालंच, तर आपल्या खोलीचं दार उघडं ठेवा. ते दार तेवढं उघडं असतं, तर त्या दुपारी मावशी आणखी थोडा वेळ बाकावर बसून राहिली असती. हवालदार तेव्हा कोपऱ्यापर्यंत आले होते.